पत्ता बदलणाऱ्या शहरात कोहॉर्ट अभ्यास : आखणीपासून विश्लेषणापर्यंत

कळव्यातल्या एखाद्या चाळीत किंवा घणसोलीच्या एखाद्या सेक्टरमध्ये आज सर्वेक्षण केले आणि चार वर्षांनी त्याच दारांवर पुन्हा गेलो, तर त्यांतली बरीच दारे दुसरीच माणसे उघडतात. कोणाचा अकरा महिन्यांचा भाडेकरार संपलेला असतो, कोणाची इमारत पुनर्विकासाला गेलेली असते, कोणी स्वतःचे घर घ्यायचे म्हणून बदलापूर-टिटवाळ्याकडे सरकलेला असतो, तर कोणी निवृत्त होऊन कोकणात गावी राहायला गेलेला असतो. एकदाच करायच्या पाहणीत याने काही बिघडत नाही. कोहॉर्ट अभ्यासात, म्हणजे एका वेळी नोंदवलेल्या त्याच माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून कोणाला पुढे काय झाले हे पाहण्यात, मात्र सगळे गणित याच माणसांवर उभे असते. सोडून जाणाऱ्यांचा विचार पाठ्यपुस्तकांत सहसा शेवटी येतो. ठाणे-नवी मुंबईसारख्या शहरांत तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो, आणि पुढील पायऱ्या त्याच दृष्टीने मांडल्या आहेत.

प्रश्न एका वाक्यात लिहावा

संपूर्ण लेखासाठी एकच उदाहरण घेऊ. ‘आज उच्च रक्तदाब नसलेल्या, ४० ते ५५ वर्षे वयाच्या नोकरदारांपैकी जे कामासाठी जाऊन-येऊन रोज दोन तासांहून अधिक प्रवास करतात, त्यांना पुढील दहा वर्षांत उच्च रक्तदाब इतरांपेक्षा अधिक प्रमाणात सुरू होतो का?’ या वाक्यात कोण, कोणता जोखीम-घटक, कोणाशी तुलना, कोणता परिणाम आणि किती काळ या पाचही गोष्टी आल्या आहेत. यांतली एक जरी गोष्ट मोघम राहिली, तरी दहा वर्षांनी विदा, म्हणजे गोळा केलेली माहिती (डेटा), हातात असताना ‘आपण नक्की काय मोजत होतो’ यावर वाद होतो. ‘आरोग्यावर परिणाम’ असे लिहिलेला प्रस्ताव मी तरी परत पाठवीन.

‘आज उच्च रक्तदाब नसलेल्या’ या शब्दांना विशेष महत्त्व आहे. ज्यांना रक्तदाब आधीच आहे त्यांची नोंद ठेवावी, पण नव्याने होणाऱ्या आजाराच्या हिशेबात त्यांना धरू नये.

जुने अभ्यास कोणाला निवडत होते

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ साली सुरू झालेल्या हृदयरोगाच्या अभ्यासात ५,२०९ स्त्री-पुरुष होते. त्यांची दर दोन वर्षांनी तपासणी होत गेली आणि १९७१ पासून त्यांची मुलेही अभ्यासात आली. ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५१ मध्ये धूम्रपानाच्या प्रश्नासाठी थेट डॉक्टरांनाच पत्रे पाठवली. डॉक्टरांचे नाव वैद्यकीय नोंदवहीत असावेच लागते, त्यामुळे ते सापडत राहतात. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातर्फे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. वजनाने कमी, पण शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असलेल्या भारतीय बाळाचे चित्र त्यातून पुढे आले. स्थिर वस्तीचे गाव, सक्तीची नोंदवही, ओळखीची सहा खेडी : या तिन्ही ठिकाणी माणूस हरवणे तुलनेने अवघड होते. ठाणे आणि नवी मुंबईत ही सोय नाही.

आपल्या सर्वांत जवळचा धडा मुंबईचाच आहे. १९९१ ते १९९७ या काळात मुंबईत ३५ वर्षांवरील सुमारे १ लाख ४८ हजार लोकांना घरोघरी जाऊन नोंदवणारा अभ्यास झाला. त्याने मतदार याद्या हीच नमुना-चौकट, म्हणजे माणसे निवडण्याची मूळ यादी, मानली आणि कडक पहारा असलेली निवासी संकुले प्रवेशाच्या अडचणीमुळे वगळली. निर्णय व्यवहार्य होता आणि तो लपवलाही गेला नाही. आज घोडबंदर रस्त्यावरील किंवा पाम बीचजवळील टॉवर तसेच वगळले, तर मात्र स्वतःच्या गाडीने जाणारा एक मोठा वर्ग आपल्या प्रवासाच्या प्रश्नातूनच नाहीसा होईल.

नमुना कोठून घ्यावा

मतदार यादीत भाडेकरू कमी सापडतात, कारण अनेकांचे नाव गावच्या यादीत असते. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक आणि नवी मुंबईची ११ लाखांहून अधिक होती, परंतु त्या जनगणनेचे गट आज जमिनीवर ओळखू येत नाहीत. जिथे मोकळी जागा दाखवली आहे तिथे आता पंचवीस मजले आहेत. म्हणून आधी वस्तीचे चार-पाच प्रकार पाडावेत : चाळी व झोपडपट्टी, जुन्या सोसायट्या, सिडकोची घरे, गावठाणे आणि टॉवर. प्रत्येक प्रकारातून काही तुकडे चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि निवडलेल्या तुकड्यात स्वतः घरयादी तयार करावी. या कामात महिना-दीड महिना जातो, पण तो वाया जात नाही, कारण कोण भाड्याने राहतो, कोणती इमारत पुनर्विकासाच्या वाटेवर आहे आणि सोसायटीचा सेक्रेटरी कोण, हे त्याच वेळी कळते.

किती माणसे लागतील

संख्या ठरवताना माणसांपेक्षा घटना मोजाव्यात. दीर्घ प्रवास करणारे ३० टक्के असतील आणि त्यांची जोखीम दीडपट असेल, तर ८० टक्के सामर्थ्याने (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता-पातळीवर (फरक नसताना तो आहे असे दिसण्याची शक्यता) ती दिसण्यासाठी साधारण २२७ नव्या घटना लागतात. जोखीम १.३ पट असेल, तर हाच आकडा सुमारे ५४२ होतो. प्रवासासारख्या घटकासाठी १.३ धरणेच शहाणपणाचे.

आता समजा, या वयात दर हजार व्यक्ती-वर्षांमागे (एका माणसाचा एक वर्ष पाठपुरावा म्हणजे एक व्यक्ती-वर्ष) ३० जणांना नव्याने उच्च रक्तदाब होतो. ५४२ घटनांसाठी अंदाजे १८ हजार व्यक्ती-वर्षे हवीत. दरवर्षी १० टक्के माणसे हातची सुटत असतील, तर आजार होऊन बाहेर पडणाऱ्यांसह हिशेब केल्यावर एक माणूस दहा वर्षांत सरासरी साडेपाच वर्षेच देतो आणि सुमारे ३,३०० माणसे लागतात. गळती ४ टक्क्यांवर आणली, तर प्रत्येकाची ७.२ वर्षे मिळतात आणि २,५०० माणसांत काम भागते. आठशे माणसांची भरती आणि तपासणी वाचते. तो पैसा पाठपुराव्याच्या कर्मचाऱ्यांवर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. शिवाय कमी गळतीच्या निष्कर्षांवर विश्वासही अधिक ठेवता येतो, आणि ते केवळ संख्या वाढवून साधत नाही.

एका इमारतीतील माणसे एकमेकांसारखी असतात, त्यामुळे संख्या थोडी वाढवावी लागते. एका तुकड्यात २० जण आणि त्यांच्यातील साम्याचा सहसंबंध ०.०२ धरला, तर संख्या वाढवण्याचा गुणक १.३८ येतो, म्हणजे गळती १० टक्के असताना सुमारे ४,५५० माणसे. चौघांपैकी एकाला रक्तदाब आधीच असेल असे धरले, तर पहिल्या फेरीत सहा हजारांवर लोकांना भेटण्याची तयारी हवी.

संमती

नीतिमत्ता समितीची मान्यता आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे हा पाया आहेच. दीर्घ अभ्यासात संमतीपत्रावर तीन वेगवेगळे होकार-नकार घ्यावेत : पुन्हा संपर्क करण्यासाठी, पत्ता बदलल्यास इतरांकडे चौकशी करण्यासाठी आणि रुग्णालय किंवा मृत्यू-नोंदणीच्या कागदपत्रांशी माहिती जोडण्यासाठी. एखादा माणूस पहिल्याला हो आणि तिसऱ्याला नाही म्हणू शकतो. आधार क्रमांक घेऊ नये. गरज नसलेली माहिती जवळ बाळगणे ही स्वतःच एक जोखीम आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर तर अधिकच. तपासणीत रक्तदाब वाढलेला आढळला, तर त्या व्यक्तीला सांगून डॉक्टरांकडे पाठवणे बंधनकारक माना.

माणूस हरवू नये म्हणून

पहिल्याच भेटीत तीन संपर्क घ्यावेत : एक शेजारचा, एक नात्यातला पण वेगळ्या घरात राहणारा आणि एक गावचा. तिघेही एकाच कुटुंबातले असतील, तर कुटुंब हलले की तिन्ही दुवे तुटतात. दोन तपासण्यांमध्ये दोन वर्षांचे अंतर असले, तरी वर्षातून दोनदा फोन करावा, एकदा संक्रांतीच्या सुमारास आणि एकदा गणपती उरकल्यावर. मे महिन्यात आणि गौरी-गणपतीत घरभेटी ठेवूच नयेत, कारण अर्धी चाळ गावाला असते आणि भेटवहीत विनाकारण ‘घर बंद’ भरत जाते.

भेटवहीत ‘भेट झाली नाही’ एवढेच लिहिणे हा गुन्हा मानावा. घर बंद, गावी गेले, भाड्याची जागा सोडली, इमारत पाडली, नकार दिला, मृत्यू झाला : प्रत्येकाला वेगळा संकेतांक आणि तारीख हवी. पुढे विश्लेषणात या प्रत्येकाचा अर्थ निराळा होतो. पुनर्विकासात गेलेल्या इमारतीचे रहिवासी खरे तर सर्वांत सहज सापडणारे असतात, कारण तात्पुरत्या जागेचे भाडे मिळत असल्याने सोसायटीकडे प्रत्येकाचा ठावठिकाणा असतो आणि बहुतेक जण इमारत उभी राहिल्यावर परततात. मात्र ती माहिती सहभागी व्यक्तीने आधी दिलेल्या लेखी परवानगीवरच मागावी.

मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथे होते, राहण्याच्या ठिकाणी नव्हे. आजारपणात गावी नेलेला माणूस ठाण्याच्या नोंदीत सापडत नाही. तिथे गावचा संपर्कच कामाला येतो.

ओळखीबद्दल एक जुना घोटाळा सांगतो. मी काम केलेल्या एका सर्वेक्षणात व्यक्तीच्या क्रमांकातच प्रभाग क्रमांक गुंफला होता. प्रभागरचना बदलली आणि क्रमांक निरर्थक झाले. त्याच सर्वेक्षणात एका गावठाणातील दोन बायकांच्या नोंदी एकमेकींत मिसळल्या, कारण दोघींचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव एकच होते, आणि आडनाव पाटील असल्यावर शोधणार तरी कोठे. चूक कशी कळली? पन्नाशीतल्या त्या बाईची उंची दोन वर्षांत सहा सेंटीमीटरने वाढली होती. तेव्हापासून मी उंची प्रत्येक फेरीत मोजायला लावतो. क्रमांक अर्थहीन असावा, आणि नाव, जन्मतारीख, फोन, उंची यांपैकी किमान तीन गोष्टी जुळल्याशिवाय नवी नोंद जुनीला जोडू नये. जन्मतारखेवरही फार विसंबू नये. जुन्या पिढीत शाळेत घालताना १ जून लिहून टाकलेले लोक ढिगाने भेटतात.

प्रवास आणि रक्तदाब कसे मोजावेत

‘रोज किती तास प्रवास करता?’ असे विचारले की ‘असेल दीड तास’ असे उत्तर येते. घरातून किती वाजता निघता आणि कामाच्या जागी किती वाजता पोहोचता, हे विचारावे, परतीचेही तसेच. ‘७:५२ची फास्ट’ म्हणणारा माणूस घरातून सव्वासातला निघालेला असतो आणि शेअर रिक्षाच्या रांगेतली पंधरा मिनिटे तो प्रवासात धरतच नाही. पास कोठून कोठवरचा आहे हे पाहिले, तर उत्तराची पडताळणीही होते. बसायला मिळते की उभे राहावे लागते, हा प्रश्न वेगळा ठेवावा.

रक्तदाबासाठी एकच प्रमाणित डिजिटल यंत्र, दंडाच्या घेराप्रमाणे पट्टा, आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटे शांत बसणे, एकेका मिनिटाच्या अंतराने तीन मापे आणि शेवटच्या दोहोंची सरासरी, असा क्रम ठेवावा. थंडीत रक्तदाब थोडा वाढतो आणि उन्हाळ्यात उतरतो, म्हणून एका व्यक्तीची प्रत्येक फेरी शक्यतो त्याच महिन्यात घ्यावी. दहा वर्षांत यंत्राचे मॉडेल बदलणारच. तेव्हा शंभरेक लोकांवर जुने आणि नवे दोन्ही वापरून फरक नोंदवावा. परिणामाची व्याख्या ‘१४०/९० किंवा अधिक, अथवा रक्तदाबाचे औषध चालू’ अशी ठेवावी. औषध घेणाऱ्याचे माप १२८ आले म्हणून त्याला निरोगी धरणे ही आश्चर्यकारक वाटावी इतकी सर्रास होणारी चूक आहे.

एका बाईची चार ओळींची नोंद

विश्लेषणाआधी विदा ‘एका व्यक्तीची प्रत्येक फेरी म्हणजे एक ओळ’ अशी लावावी. समजा, आपला अभ्यास २०१६ मध्ये सुरू झाला असता आणि कळव्यातील ४६ वर्षांची एक कारकून त्यात असती. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचा प्रवास रोज ९५ मिनिटांचा, रक्तदाब १२६/८०. फेब्रुवारी २०१८ मध्ये कार्यालय महापेला आल्यामुळे ४० मिनिटे, १२८/८२. फेब्रुवारी २०२० मध्ये तिने बदलापूरला घर घेतलेले, प्रवास १५० मिनिटे, १३२/८४. फेब्रुवारी २०२२ मध्ये १४८/९२.

केवळ पहिल्या फेरीचा प्रवास धरला, तर ही घटना ‘कमी प्रवास’ गटात जमा होते. फेरीगणिक प्रवास बदलू दिला, तर चार वर्षे कमी प्रवासाची आणि शेवटची दोन दीर्घ प्रवासाची होतात आणि घटना दीर्घ गटात जाते. पण मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि दोन्ही लसमात्रा घेतलेल्या सर्वसामान्य प्रवाशांना त्या १५ ऑगस्ट २०२१ पासून खुल्या झाल्या, म्हणजे त्या दोन वर्षांतील बहुतेक काळ ती गाडीत चढलीच नसेल. सहामाही फोनवर प्रवासाचा एक प्रश्न विचारला असता, तर हे नेमके कळले असते.

शिवाय तिचा रक्तदाब नेमका केव्हा वाढला, हे कोणालाच माहीत नाही. तो दोन तपासण्यांच्या मधे कधीतरी वाढला. घटना किती काळाने घडते याचे विश्लेषण करणाऱ्या नेहमीच्या कॉक्स प्रतिमानाला (मॉडेलला) नेमकी तारीख लागते, आणि आपण तपासणीची तारीख भरतो. त्याऐवजी काळाचे दोन-दोन वर्षांचे तुकडे मानणारे प्रतिमान, किंवा घटना अंतरालात झाली असे गृहीत धरणारे प्रतिमान वापरावे. कालाक्षावर अभ्यासाची वर्षे न घेता वय घ्यावे, कारण रक्तदाब वयानुसार वाढतो, आपल्या फेऱ्यांनुसार नाही.

कशासाठी समायोजन करावे, कशासाठी नाही

आधी कशाचा कशावर परिणाम होतो हे दाखवणारे बाण कागदावर काढावेत. उत्पन्नामुळे घर लांब घ्यावे लागते आणि उत्पन्नाचा रक्तदाबाशीही संबंध असतो. म्हणून उत्पन्न हा कन्फाउंडर, म्हणजे दोन्हींशी जोडलेला आणि तुलना बिघडवणारा घटक, आहे आणि त्यासाठी समायोजन हवे, म्हणजे सारख्या उत्पन्नाच्या लोकांचीच आपसांत तुलना हवी. कमी झोप आणि स्टेशनबाहेरचा वडापाव मात्र प्रवासाचे परिणाम आहेत, ज्यांतून रक्तदाब वाढू शकतो. त्यांचे समायोजन केले, तर शोधत असलेला परिणाम आपणच पुसून टाकतो. वजन ही अडचणीची गोष्ट आहे : आधीच्या प्रवासाने ते वाढते आणि वाढलेल्या वजनामुळे माणूस पुढे जवळची नोकरीही शोधतो. अशा वेळी साधे समायोजन पुरत नाही आणि भारांकांवर, म्हणजे प्रत्येकाला हिशेबात दिलेल्या कमी-अधिक महत्त्वावर, आधारित पद्धत लागते.

उलट्या दिशेचाही विचार करावा. ज्यांची तब्येत बिघडते ते धकाधकीचा प्रवास सोडतात, त्यामुळे वर्षानुवर्षे गर्दीत तग धरणारे लोक मुळातच दणकट असतात. म्हणून प्रवासाची स्थिती घटनेच्या आधीच्या फेरीतली घ्यावी. आणि ‘सलग सहा वर्षे दीर्घ प्रवास करणारे’ असा गट पहिल्या दिवसापासून मोजू नये. त्या गटात येण्यासाठी माणसाला सहा वर्षे रक्तदाबाविना काढावीच लागतात, आणि तो निर्धोक काळ फुकट त्यांच्या खात्यात पडतो.

सोडून गेलेल्यांचा हिशेब

नेहमीचे विश्लेषण असे मानते की जे गेले त्यांची जोखीम राहिलेल्यांसारखीच होती. आपल्या प्रश्नात हे उघड चुकीचे आहे : जो बदलापूरला गेला त्याचा पत्ता बदलला आणि प्रवासही वाढला. त्याला गमावले, तर दीर्घ प्रवासातल्या नेमक्या घटना गमावल्या जातात आणि प्रवास निरुपद्रवी दिसू लागतो. म्हणून पहिले कोष्टक राहिलेले आणि गेलेले यांची तुलना करणारे असावे : वय, उत्पन्न, भाडेकरू की मालक, पहिला प्रवास, पहिला रक्तदाब. त्यानंतर प्रत्येक फेरीत टिकून राहण्याची संभाव्यता काढून तिचा व्यस्त भारांक द्यावा. ज्या प्रकारच्या लोकांपैकी निम्मेच उरले, त्यांतला प्रत्येक उरलेला दोघांचे प्रतिनिधित्व करतो. भारांक फार मोठे होऊ लागले, तर त्या प्रकारचे लोक जवळपास संपले असे समजावे; तिथे गणिताने भरपाई होत नाही.

भारांक नोंदलेल्या गोष्टींपुरतेच काम करतात, म्हणून टोकाची गणितेही करून पाहावीत : गेलेल्या दीर्घ प्रवाशांची जोखीम राहिलेल्यांच्या दीडपट असती तर, दुप्पट असती तर, किंवा उलट निम्मी असती तर निष्कर्ष कोठे वळतो. याहूनही पटणारा उपाय म्हणजे हरवलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून दीडशे-दोनशे जण निवडावेत आणि त्यांच्यापर्यंत कर्जत, टिटवाळा किंवा चिपळूणपर्यंत जाऊन पोहोचावे. यासाठीचा प्रवासखर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा, कारण आठव्या वर्षी तो कोणी मंजूर करत नाही. मृत्यू पावलेल्यांना ‘गेलेले’ या गटात टाकू नये. मृत्यू हा स्पर्धक परिणाम आहे, म्हणजे तो आला की उच्च रक्तदाब होण्याची शक्यताच संपते, आणि तो वेगळा मोजावा.

हे सर्व करण्याची पद्धत, व्याख्या आणि प्रतिमान विदा उघडण्यापूर्वी लिहून तारखेसह ठेवावे. नंतर सुचलेले विश्लेषण करायला हरकत नाही, पण अहवालात ते नंतरचे म्हणूनच यावे. निकाल केवळ ‘१.३ पट’ असा देऊ नये. दहा वर्षांत दर शंभर दीर्घ प्रवाशांपैकी किती जणांना आणि दर शंभर इतरांपैकी किती जणांना रक्तदाब झाला, हेही सांगावे, आणि त्या वाक्याच्या आधी किती घरांत गेलो, किती जणांनी संमती दिली, प्रत्येक फेरीला किती भेटले व न भेटलेले कोठे गेले, याची संकेतांकनिहाय मोजणी छापावी. सहभागी लोकांना देण्याच्या मराठी-हिंदी पत्रकातही ती मोजणी असावी. ते पत्रक सर्वांच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पाठवले की दहा वर्षांत हरवलेल्यांपैकी दोन-चार जणांचे फोन हमखास येतात, म्हणून त्यावर कार्यालयाचा चालू क्रमांक मोठ्या अक्षरांत छापावा.